पाणी फुप्फुसात नाही, बाहेर आहे

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपत आली की दरवर्षी माझ्या टपालात खोकल्याची पत्रं वाढतात. होम मैदानावरची धूळ, पहाटेचा गारठा आणि रात्री उशिरापर्यंतचं फिरणं हे सगळं त्यात दिसतं. या खेपेची पत्रं मात्र खोकल्यावर थांबलेली नाहीत. छातीच्या आत काय कुठे असतं, हे वाचकांनी नेमकं विचारलंय. मला फार बरं वाटलं. मी दवाखाना कधी चालवला नाही. बत्तीस वर्षं सोलापुरात वैद्यकीयच्या मुलांना शरीररचना शिकवली. त्यामुळे औषध कोणतं घ्यायचं ते मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. आतली रचना कशी आहे आणि ती तशी का आहे, एवढं मी सांगू शकते.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझे वडील ५२ वर्षांचे, यंत्रमागावर कामाला आहेत. महिन्यापूर्वी त्यांच्या उजव्या कुशीत सुई टोचल्यासारखं दुखायचं, श्वास घेतला की जास्तच. आठ-दहा दिवसांत दुखायचं आपोआप थांबलं. आम्हाला वाटलं, बरं झालं. पण मग जिना चढताना धाप लागायला लागली. एक्स-रे काढला तर फुप्फुसात पाणी झालंय म्हणाले. डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून लिटरभर पिवळं पाणी काढलं. आता घरात सगळे म्हणतात, पाणी कमी प्यायला द्या, थंडीत गार पाण्यानं अंघोळ करायचे म्हणूनच हे झालं. मॅडम, पाणी फुप्फुसात आलं कुठून? पाठीतून सुई घातली तेव्हा फुप्फुसाला भोक पडलं नसेल ना? आणि दुखणं थांबल्यावर त्रास वाढला, हे कसं काय?
— एक मुलगी, अशोक चौक

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न फार नेमका आहे. बाकी सगळ्याची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

‘फुप्फुसात पाणी’ हे शब्द आपल्याकडे इतके रुळलेत की डॉक्टरसुद्धा घाईत तेच बोलतात. पण तुमच्या वडिलांचं पाणी फुप्फुसात नव्हतंच. ते फुप्फुसाच्या बाहेर, फुप्फुस आणि बरगड्यांची भिंत यांच्या मधल्या फटीत साठलं होतं. फुप्फुसाच्या आत पाणी भरण्याचा आजार निराळा. तो बहुतेक वेळा हृदय कमजोर पडल्यावर होतो आणि तिथे सुई घालून काही निघत नाही.

ही फट समजून घेण्यासाठी घरातला एक अभ्रा घ्या. तो चारही बाजूंनी शिवलेला आहे आणि आत काही नाही, असं समजा. हा रिकामा अभ्रा उशीला बाहेरून लपेटा. त्याचा आतला पदर उशीला चिकटेल आणि बाहेरचा पदर तुमच्या हाताला लागेल. उशी अभ्र्यात गेलेलीच नाही, ती नुसती त्यात गुंडाळली गेली आहे. फुप्फुस म्हणजे ती उशी आणि तो बंद अभ्रा म्हणजे फुप्फुसावरण, डॉक्टरांच्या भाषेत प्लुरा. आतला पदर फुप्फुसाला अगदी सालीसारखा चिकटलेला असतो. बाहेरचा पदर बरगड्यांना आतून, खाली श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) आणि मध्ये हृदयाच्या बाजूला अस्तरासारखा लागलेला असतो. दोन पदरांच्या मध्ये निरोगी माणसात एका बाजूला चहाचे जेमतेम दोन चमचे पातळ द्रव असतो. एवढ्याशा द्रवावर आपला सगळा श्वास चालतो.

का, ते सांगते. फुप्फुसाला स्वतःचा असा स्नायू नाही की ज्यानं ते फुगेल. ते लवचीक आहे आणि सोडलं तर आक्रसतं. मी विद्यार्थिनी असताना पहिल्यांदा छातीचं ऑपरेशन पाहिलं. शल्यचिकित्सकांनी बाहेरचा पदर उघडला, हवा आत शिरली आणि क्षणापूर्वी भिंतीला टेकून असलेलं ते गुलाबी फुप्फुस डोळ्यांसमोर आक्रसून मागे गेलं. हे मी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं. तरीही त्या दिवशी अंगावर काटा आला. म्हणजे भिंत बाहेर जाऊ बघते, फुप्फुस आत येऊ बघतं, आणि मधला तो ओला पापुद्रा दोघांना सुटू देत नाही. काचेचे दोन तुकडे ओले करून एकमेकांवर ठेवून पाहा. ते घसरतील, पण ओढून वेगळे होणार नाहीत. तसंच हे आहे. बरगड्या उचलल्या गेल्या, श्वासपटल खाली सरकलं की फुप्फुसाला त्यांच्या मागे जावंच लागतं. मग बाहेरची हवा आत येते. लोहाराचा भाता म्हणजे छाती. फुप्फुस त्या भात्याबरोबर ओढलं जातं.

आता दुखण्याकडे येऊ. आतल्या पदराला, म्हणजे फुप्फुसावरच्या सालीला, टोचलेलं कळत नाही. बाहेरच्या पदराला मात्र बरगड्यांमधून येणाऱ्या नसा मिळतात, त्यामुळे त्याला त्वचेइतकंच नेमकं दुखतं. पदराला सूज आली तेव्हा दोन पदर एकमेकांवर घासू लागले. डॉक्टरांनी त्या वेळी नळी लावली असती तर नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर त्यांना ऐकू आली असती. म्हणून तुमचे वडील खोल श्वास घेताना कळवळत होते. पुढे सुजलेल्या पदरातून द्रव पाझरू लागला, मध्ये साठला आणि दोन पदर एकमेकांपासून दूर झाले. घासणं थांबलं, दुखणं थांबलं. पण साठलेल्या पाण्यानं फुप्फुस दाबलं गेलं आणि धाप सुरू झाली. दुखणं कमी झालं ते आजार वाढला म्हणून. कुशीत टोचणारं दुखणं आपोआप गेलं आणि नंतर धाप लागायला लागली, तर ‘बरं झालं’ असं कुणीच समजू नका. तुमच्या पत्रातली हीच गोष्ट सगळ्या वाचकांनी लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

सुईची भीती बाळगू नका. पाठीच्या बाजूला फुप्फुसाची खालची कड साध्या श्वासात दहाव्या बरगडीपर्यंत येते, पण आवरणाचा कोपरा बाराव्या बरगडीपर्यंत खाली जातो. म्हणजे तळाशी एक जागा अशी असते जिथे आवरण आहे आणि फुप्फुस नाही. बसलेल्या माणसाचं पाणी उताराच्या नियमानं तिथेच उतरतं आणि फुप्फुस त्याच्यावर तरंगल्यासारखं वर राहतं. म्हणून वडिलांना टेबलावर उशी ठेवून पुढे वाकून बसवलं असेल आणि आधी सोनोग्राफीत पाण्याची जागा पाहिली असेल. सुई दोन बरगड्यांच्या मध्ये, खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला धरून घालतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला आतून एक खोबण असते. त्यात शीर, धमनी आणि नस अशा तिघी लपून चालतात. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलालाही हा प्रश्न हमखास विचारला जातो. सुई वरच्या काठावरून गेली की या तिघींना धक्का लागत नाही. पाणी निघताना वडिलांना खोकला आला असेल तर तेही बरोबरच आहे. दाबलेलं फुप्फुस उलगडताना खोकला येतो. एका बैठकीत साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, कारण फुप्फुस फार झपाट्यानं उलगडलं तर त्यालाच सूज येऊ शकते.

प्यायच्या पाण्याचा आणि या पाण्याचा काही संबंध नाही. अंघोळीचाही नाही. प्यायलेलं पाणी पोटात जातं, तिथून छातीच्या फटीत यायला वाट नाही. हे पाणी रक्तवाहिन्यांतून पाझरतं. एरवी बाहेरच्या पदरातली बारीक छिद्रं ते शोषून परत नेतात. पाझर वाढला किंवा ही छिद्रं तुंबली की ते साठतं. तहान लागेल तसं पाणी वडिलांना पिऊ द्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं असेल तरच गोष्ट वेगळी.

काढलेल्या पाण्याचा तपासणी-अहवाल काय आला, ते तुम्ही लिहिलं नाही. आपल्या देशात असं पिवळं पाणी होण्याचं एक मोठं कारण क्षय आहे. तसं निघालं तर घाबरू नका आणि लपवूही नका. सरकारी केंद्रात औषध मोफत मिळतं आणि साधारण सहा महिने घ्यावं लागतं. त्यातल्या एका गोळीनं लघवी नारिंगी होते. ते रक्त नसतं. पाणी गेलं, धाप गेली, ताप गेला की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणसं औषध सोडतात. कृपा करून तसं होऊ देऊ नका.

असं का म्हणते, तर शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मी ते हातानं अनुभवलंय. छाती उघडल्यावर फुप्फुस आणि भिंत यांच्यामधून आम्ही हात फिरवतो. निरोगी माणसात तो हात सळसळत जातो, कुठे अडत नाही. काही देहांत मात्र तो जातच नाही. जुन्या आजारात दोन पदर एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात, तव्याला भाकरी धरावी तसे, आणि बोटांनी एकेक धागा सोडवावा लागतो. त्या माणसाला आयुष्यभर खोल श्वास घेताना ओढ बसली असेल, हे तेव्हा माझ्या बोटांना कळायचं. आपला देह देणाऱ्या त्या माणसांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही. पूर्ण उपचार आणि डॉक्टरांनी सांगितलेले खोल श्वासाचे व्यायाम यांनी हे चिकटणं बरंच कमी होऊ शकतं.

आणखी एक. दोन फुप्फुसांची दोन आवरणं पूर्ण वेगळी असतात, मध्ये दार नसतं. उजवीकडचं पाणी डावीकडे वाहून जात नाही. तुमच्या वडिलांचं डावं फुप्फुस या सगळ्या दिवसांत इमानानं काम करत होतं.

प्रश्न : ताई, होटगी रोडवर गाडी घसरून पडलो. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्यात. डॉक्टरांनी ना प्लास्टर घातलं, ना पट्टा बांधला. नुसत्या गोळ्या देऊन ‘खोल श्वास घ्या’ म्हणून पाठवलं. हात मोडला तर प्लास्टर घालतात, मग बरगडीला का नाही? आमचे शेजारी म्हणतात, घट्ट पंचा बांध.
— वय ४१, जुळे सोलापूर

उत्तर : पंचा बांधू नका. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलंय.

मोडलेला हात स्थिर ठेवता येतो. बरगडी स्थिर ठेवता येत नाही, कारण ती दिवसभरात वीस हजारांच्या आसपास वेळा हलते आणि हललीच पाहिजे. बारा जोड्यांपैकी वरच्या सात बरगड्या आपापल्या कूर्चेनं, म्हणजे मऊ हाडानं, थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून असतात. शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच असतात. या सगळ्यांची हालचाल दोन तऱ्हांनी होते. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढचं टोक वर उचलतात, त्यानं छाती पुढे येते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर उचलल्या जातात, त्यानं छाती रुंद होते. दोन्ही तळहात कुशीवर ठेवा, अंगठे पाठीच्या कण्याकडे करा आणि श्वास घ्या. हात बाहेर ढकलले जातील. तीच ती कडी.

घट्ट पंचा बांधला की कडी उचलत नाही. दुखतं म्हणून तुम्ही आधीच उथळ श्वास घेताय. त्यात पंचा आला की फुप्फुसाचा तळ नीट उघडत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. बरगडी साधारण सहा आठवड्यांत आपली आपण जुळते. आजूबाजूच्या बरगड्या आणि त्यांच्यामधले स्नायू तिला जागेवर धरून असतात. ते स्नायू तीन थरांत असतात. बाहेरच्या थराचे धागे पँटच्या खिशात हात घातल्यावर बोटं जशी दिसतात तशा तिरप्या दिशेनं खाली-पुढे जातात आणि मधल्या थराचे बरोबर उलटे. देवानं म्हणा की निसर्गानं म्हणा, आपल्या मागावरच्या ताण्याबाण्यासारखी ही वीण घातलीय. म्हणून ही भिंत एवढी मजबूत असूनही वाकते.

वेदनेच्या गोळ्या वेळेवर घ्या, दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. दुखणं कमी असलं तरच खोल श्वास घेता येतो. खोकला आला की दुखऱ्या बाजूवर उशी दाबून धरा आणि मग खोका. मात्र धाप वाढली, थुंकीत रक्त आलं, किंवा छातीच्या त्वचेखाली बोट दाबल्यावर पापड चुरल्यासारखं करकरलं, तर तडक रुग्णालय गाठा. याचा अर्थ हाडाच्या टोकानं फुप्फुस टोचलंय आणि हवा फटीत किंवा त्वचेखाली शिरतेय. शिवाय मोडलेल्या बरगड्या डाव्या बाजूच्या, नवव्या ते अकराव्याच्या आसपासच्या असतील तर पोटाचीही सोनोग्राफी झाली आहे ना, ते विचारा. प्लीहा, म्हणजे पाणथरी, त्यांच्याच आड असते. तुम्ही पडलात छातीवर, पण बरगड्यांचा पिंजरा पोटातल्या यकृत, प्लीहा आणि जठर यांच्यावरही छपरासारखा पसरलेला असतो, हे लोकांच्या लक्षात नसतं.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या पुस्तकातल्या चित्रात डावं फुप्फुस छोटं आहे. असं का? आणि डॉक्टर बोटांनी छातीवर ठोकतात, त्यातून त्यांना काय कळतं?
— एक विद्यार्थिनी, बाळे

उत्तर : बाळा, हृदय मधोमध असलं तरी त्याचा जास्त भाग डावीकडे झुकलेला असतो. त्याला जागा द्यायला डाव्या फुप्फुसाला पुढून एक खाच आहे. उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोनच. उजवं मात्र थोडं बुटकं आणि रुंद असतं, कारण त्याच्या खाली यकृत असल्यामुळे श्वासपटलाचा घुमट तिकडे जास्त वर येतो.

ठोकण्याची गोष्ट छान आहे. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियाचा डॉक्टर एका खानावळवाल्याचा मुलगा. दारूच्या पिंपात दारू कुठपर्यंत आहे ते पिंपावर ठोकून ओळखतात, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. १७६१ साली त्यानं हीच रीत छातीवर वापरायचं पुस्तक लिहिलं. घरातल्या पाण्याच्या टाकीवर तूही ठोकून बघ. रिकाम्या भागावर आवाज घुमतो, भरलेल्या भागावर बद्द येतो. हवेचं फुप्फुस घुमतं, पाणी साठलं असेल तिथे बद्द येतं. पहिल्या पत्रातल्या काकांच्या पाठीवर डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी असंच ठोकलं असेल.

प्रश्न : मॅडम, माझा नातू पावणेतीन वर्षांचा. संक्रांतीच्या दिवशी भाजलेले शेंगदाणे खाताना हसत हसत पळाला आणि त्याला जोराचा ठसका लागला. पाच मिनिटांनी थांबला, खेळायला लागला. आता दोन आठवडे अधूनमधून खोकतोय, उजव्या बाजूला घरघर ऐकू येते. एक्स-रे साफ आहे. सून म्हणते सर्दी आहे. मला मनात शंका आहे.
— आजी, भवानी पेठ

उत्तर : आजी, तुमची शंका खरी धरून चला. हे पत्र मला मिळालं त्याच दिवशी मी संपादकांना फोन करून तुमच्याकडे निरोप पाठवला होता. इतर घरांतही कळावं म्हणून इथे पुन्हा लिहिते. ठसक्याचा तो प्रसंग डॉक्टरांना सांगा, आजच. ‘शेंगदाणा’ हा शब्द उच्चारा. तो सांगितला नाही तर सर्दीचंच औषध मिळत राहतं.

श्वासनलिका खाली येऊन दोन फाटे फुटतात, साधारण छातीच्या हाडावर दुसऱ्या बरगडीपाशी जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या पातळीला. उजवा फाटा आखूड, रुंद आणि जास्त सरळ खाली उतरणारा. मोठ्या माणसात तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, तर डावा जवळपास दुप्पट लांब आणि आडवा, कारण त्याला हृदयाला वळसा घालून जायचं असतं. म्हणून आत गेलेली वस्तू बहुतेक वेळा उजवीकडेच घरंगळते. १८९७ साली जर्मनीत गुस्टाव किलियान यांनी श्वासनलिकेत नळी घालून पहिल्यांदा जी अडकलेली वस्तू काढली, तो हाडाचा तुकडा होता, आणि तोही उजवीकडेच होता.

शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे साफ आहे म्हणून शंका मिटत नाही. सुरुवातीचा ठसका जातो, कारण दाणा आत जाऊन बसला की तिथे तेवढी खवखव राहत नाही. हे काही तास किंवा दिवस फसवे असतात. मग दाणा ओल धरून फुगतो, त्याच्या तेलानं आतलं अस्तर सुजतं आणि पुढचा भाग बंद होतो. दुर्बिणीनं तो काढता येतो. लवकर काढला तर मूल दुसऱ्या दिवशी खेळायला लागतं.

आपल्या सोलापुरात दाण्याशिवाय घर नाही. चटणीत दाणा, भाजीत दाणा, हातावर दाणा. मला स्वतःला कडक भाकरी आणि दाण्याच्या चटणीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा किंवा अर्धा दाणा देऊ नका. मागच्या दाढा नीट आलेल्या नसतात, चावता येत नाही. द्यायचीच तर चटणी अगदी बारीक कुटून, दह्यात कालवून, आणि मूल मांडी घालून बसलेलं असताना. हसवत, पळवत, रडत असताना तर काहीच भरवू नका, कारण हसताना आणि रडताना मूल एकदम आत श्वास ओढतं.

ठसका लागला आणि मूल खोकतंय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर १०८ला फोन करायला एकाला पाठवा आणि मूल वर्षाच्या वरचं असेल तर मागून कवेत धरून बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर झटके द्या. वर्षाच्या आतलं असेल तर पोट दाबायचं नाही. हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेनं पाच दाब. तोंडात दिसत नसताना बोट घालून चाचपू नका, दाणा आणखी खाली जातो.

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे. सूतगिरणीत पंचवीस वर्षं काढली, विडी-तंबाखू काही नाही. आता रात्री धाप लागली की उठून पलंगाच्या कडेला बसतात, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून. आम्ही त्यांना धरून परत आडवं करतो, पाठ चोळतो, तर चिडतात. असं का बसतात?
— सून, विडी घरकुल

उत्तर : तुमचं पत्र मी बाजूला ठेवून दिलं होतं. दोनदा वाचलं आणि मग लिहायला बसले.

माझे अण्णा एका कापडगिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जातो तिथे. रविवारी सुटी असायची, त्या दिवशी ते बरे असायचे. आम्हाला सिद्धेश्वरच्या तळ्यावर न्यायचे. सोमवारी संध्याकाळी कामावरून आले की ओट्यावर बसायचे, हात गुडघ्यांवर, खांदे वर, मान पुढे. आई म्हणायची, त्यांच्याशी बोलू नका. गिरणीच्या दवाखान्यात त्याला सर्दी म्हणत, बाटलीभर औषध देत. 

मी मेडिकलला गेले. पहिल्याच महिन्यात छातीवरचा मोठा स्नायू सोडवायचा असतो. तो दंडाच्या हाडापासून छातीच्या हाडाला आणि बरगड्यांना जातो. एरवी छाती स्थिर असते आणि तो हात ओढतो. आमचे सर म्हणाले, “आता उलटं करा. हात कुठेतरी टेकवून स्थिर केला तर हाच स्नायू काय ओढेल?” बरगड्या. तो बरगड्या वर ओढेल. सर पुढचं शिकवत राहिले. मला मात्र ओट्यावरचे अण्णा दिसत होते. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण श्वास अपुरा पडला तेव्हा त्यांच्या शरीरानं हातांचे स्नायू श्वासाच्या कामाला लावले होते. मानेचे स्नायूही वरच्या बरगड्या उचलायला धावत होते. म्हणूनच त्यांचे खांदे वर असायचे.

तुमचे सासरे तेच करतायत. पुढे वाकल्यानं आणखी एक होतं. जुन्या दम्याच्या माणसात फुप्फुसात हवा अडकून राहते, त्यामुळे श्वासपटलाचा घुमट चपटा होतो आणि चपट्या घुमटाला खाली सरकायला जागा उरत नाही. पुढे वाकलं की पोटातले अवयव त्याला खालून रेटून पुन्हा घुमटाचा आकार देतात. तुम्ही प्रेमानंच त्यांना आडवं करता, पण त्यांची ही सगळी मांडणी त्यानं मोडते. म्हणून ते चिडतात.

कापसाच्या धुळीचा एक आजार आहे, बिसिनोसिस. कापसाबरोबर येणाऱ्या पाल्याच्या आणि जंतूंच्या अंशांनी श्वासनलिका आवळतात. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळख. पुढे ते रोजचंच होतं. तुमच्या सासऱ्यांना तोच आहे असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. रात्री उठून बसायला लावणारी धाप हृदयाचीही असते, विशेषतः पायावर सूज असेल तर. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. जाताना एका कागदावर लिहून न्या : गिरणीत कोणत्या खात्यात होते, किती वर्षं, सोमवारी त्रास जास्त व्हायचा का. हा प्रश्न डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्हीच सांगा. यंत्रात जोरानं फुंकून बघायची स्पायरोमेट्रीची तपासणी करून घ्या. ओठ निळे दिसले किंवा बोलताना वाक्य पुरं होत नसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात हलवा.

आणि आज रात्री त्यांना धाप लागली तर आडवं करू नका. पलंगासमोर स्टूल ठेवा, त्यावर दोन उशा. त्यांना कोपरं उशांवर टेकवून पुढे वाकून बसू द्या. गरम चहावर घालतो तशी ओठांची चिमटी करून सावकाश फुंकर घालत श्वास सोडायला सांगा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. पाठ चोळायची नाही. नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी बसा.